एका एकोणचाळीस अंकी मूळ संख्येचा इतिहास

१८७६ सालच्या आरंभी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा केला असता येणारी संख्या मूळ आहे, असे विधान त्यात होते. पूर्ण लिहिली तर ती अशी दिसते : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. त्या वेळी निश्चितपणे मूळ म्हणून ठाऊक असलेली सर्वांत मोठी संख्या अवघी तेरा अंकी होती. लांद्रीने ती १८६७ साली दिली होती. तेरा अंकांवरून एकदम एकोणचाळीस अंकांवर झेप घेणाऱ्या या विधानाच्या पुष्टीसाठी करावे लागणारे गणन ल्युकाने छापले नाही. ते त्याने केले, एवढेच त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे गणितशास्त्राने कोणत्या आधारावर स्वीकारले, आणि स्वीकारण्याजोगा आधार त्यात होता काय, हा प्रश्न मूळ संख्यांच्या इतिहासात वरवर वाटतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

दोनच्या न व्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्येस येथे म(न) असे चिन्ह योजले आहे. या संख्यांचे आकर्षण फार जुने आहे. म(न) मूळ असेल तर तिला दोनच्या (न − १) व्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे आपल्या सर्व लहान भाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या मिळते, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या पुस्तकात सिद्ध केले होते. ६ आणि २८ ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. न ही संख्या संयुक्त असेल तर म(न) ही संयुक्तच असते, हे सहज दाखविता येते. म्हणून विचार करावयाचा तो न मूळ असतानाचाच. पण न मूळ असणे पुरेसे नाही. म(११), म्हणजे २०४७, ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे, हे १५३६ साली रेगियसने दाखविले. कातालदी या इटालियन गणितज्ञाने १५८८ साली म(१७) व म(१९) मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकारांनी ठरविले, आणि त्या यशाच्या भरात २३, २९, ३१ व ३७ हे घातांकही यादीत घातले. त्यांपैकी केवळ ३१ टिकला. म(२३) ला ४७ ने आणि म(३७) ला २२३ ने भाग जातो हे फेर्माने १६४० साली दाखविले. म(२९) चा निकाल ऑयलरने १७३८ साली लावला.

या पार्श्वभूमीवर मारँ मेर्सेन या मिनिम पंथीय धर्मोपदेशकाने १६४४ साली आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे विधान केले, ते धाडसाचे म्हटले पाहिजे. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ एवढ्यांसाठीच म(न) मूळ असते, बाकी सर्व संयुक्त, असे त्याने सांगितले. ७८ अंकी म(२५७) तपासण्याचे कोणतेही साधन १६४४ साली कोणाजवळ नव्हते. यादीत पाच चुका निघाल्या : ६७ आणि २५७ हे घातांक नको होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते. ६७ हा ६१ च्या जागी पडलेला मुद्रणदोष असावा, असा बचाव काहींनी केला आहे. परंतु उरलेल्या चुकांना तो लागू पडत नाही. तरीही या संख्यांना मेर्सेनचे नाव मिळाले ते अन्यायाचे नव्हे, कारण पुढची तीनशे वर्षे या यादीनेच गणितज्ञांना कामाला लावले. यादीतील १२७ खरा निघाला, पण त्यात मेर्सेनच्या ज्ञानाचा भाग किती आणि दैवाचा किती, हे ठरविण्यास साधन नाही.

ल्युकाच्या आधीची पद्धत कोठवर पोचू शकत होती, हे ऑयलरच्या कार्यावरून समजते. न ही विषम मूळ संख्या असेल तर म(न) च्या प्रत्येक भाजकास २न ने भागले असता बाकी १ उरते, आणि ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरते. या दोन चाळण्यांमुळे म(३१), म्हणजे २१४७४८३६४७, या संख्येसाठी तपासावयाचे मूळ भाजक केवळ ८४ उरले. ते सर्व निरुपयोगी ठरल्याने ही संख्या मूळ होय, असे ऑयलरने १७७२ साली जाहीर केले. पुढे १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज ग्रंथकाराने असे भाकीत केले की, तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ही आजवर सापडलेल्यांत सर्वांत मोठी असून तीहून मोठी कधीच सापडणार नाही. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे कोण लागणार? भाकीत फसले, पण त्यामागील हिशेब मात्र अगदीच चुकीचा नव्हता. म(१२७) ला ऑयलरच्या दोन्ही चाळण्या लावल्या तरी संख्येच्या वर्गमूळापर्यंत अडीच कोटी अब्ज उमेदवार भाजक उरतात. दर सेकंदास एक भागाकार केला तरी सुमारे ऐंशी कोटी वर्षे लागतील. भाजक शोधत जाऊन ही संख्या मूळ ठरविणे केवळ कष्टाचे नव्हते, तर अशक्य होते.

ल्युकाने प्रश्नाची दिशाच उलटी केली. १८४२ साली आमियँ येथे जन्मलेला हा गणितज्ञ काही काळ पॅरिसच्या वेधशाळेत होता. फ्रान्स व प्रशिया यांच्यातील १८७०–७१ च्या युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. त्यानंतर मूलां येथील शाळेत व पुढे पॅरिसमधील शाळांत त्याने गणित शिकविले. विद्यापीठातील अध्यासन त्याच्या वाट्यास आले नाही. ‘हनोईचा मनोरा’ या नावाने प्रसिद्ध असलेले कोडे त्याचेच. अशा या काहीशा खेळकर वृत्तीच्या अध्यापकाने भाजकांचा विचार सोडून देऊन पुढील प्रश्न विचारला : संख्या मूळ असेल तरच घडेल, आणि संयुक्त असेल तर कदापि घडणार नाही, अशी एखादी घटना गणन करून पाहता येईल काय?

फेर्माच्या प्रसिद्ध प्रमेयाचा व्यत्यास जसाच्या तसा खरा नाही. परंतु योग्य अटी घातल्या तर त्यातून मूळत्वाची कसोटी मिळते, आणि त्या अटी तपासण्यासाठी दिलेल्या संख्येहून एकाने लहान असलेल्या संख्येचे अवयव ठाऊक असावे लागतात. मेर्सेन संख्यांच्या बाबतीत मात्र एकाने मोठी असलेली संख्या अधिक सोयीची असते, कारण ती केवळ दोनचा घात आहे. तिचे अवयव शोधावे लागतच नाहीत. ल्युकाने या ‘एक अधिक’ बाजूने कसोटी रचली, आणि तिच्यासाठी त्याने १, १, २, ३, ५, ८, १३ … ही श्रेणी वापरली. फिबोनात्चीचे नाव या श्रेणीस रूढ केले ते ल्युकानेच. मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनात्चीच्या १२०२ सालच्या ग्रंथाच्या आधी, याच संख्या दिल्या होत्या हे त्यास माहीत असण्याचा संभव नव्हता.

पाचने भागल्यास २ किंवा ३ बाकी उरणारी कोणतीही विषम मूळ संख्या घेतली, तर तिच्याहून एकाने मोठ्या क्रमांकाच्या फिबोनात्ची पदास ती भागते. म(१२७) चा शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे पाचने भागल्यास बाकी २ उरते. तेव्हा ती मूळ असेल तर दोनच्या १२७ व्या घाताइतक्या क्रमांकाच्या पदास तिने भागलेच पाहिजे. उलटपक्षी, ती या पदास भागते पण त्याच्या निम्म्या क्रमांकाच्या पदास भागत नाही, एवढे दाखविले की ती मूळ ठरते. हे पद इतके प्रचंड आहे की ते लिहून काढण्याची कल्पनाही करता येत नाही. पण ते लिहावे लागतच नाही. ३ या संख्येपासून आरंभ करावा, आणि दर वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करावेत : ३, ७, ४७, २२०७ … न ही ४ ने भागल्यास बाकी ३ उरणारी मूळ संख्या असेल, तर या श्रेणीचे (न − १) वे पद म(न) ने निःशेष भागले जाते तेव्हाच आणि केवळ तेव्हाच म(न) मूळ असते. प्रत्येक पायरीवर म(न) ने भागून उरलेली बाकीच पुढे न्यावयाची असल्याने संख्या मर्यादेत राहतात.

कसोटीचे स्वरूप लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. म(७) म्हणजे १२७. पदे अशी येतात : ३, ७, ४७, नंतर २२०७ ला १२७ ने भागल्यास बाकी ४८, ४८ च्या वर्गातून दोन वजा करून भागल्यास १६, आणि १६ च्या वर्गातून दोन वजा केल्यास २५४, म्हणजे १२७ ची नेमकी दुप्पट. सहाव्या पदाशी शून्य आले. १२७ मूळ आहे. आता म(११), म्हणजे २०४७, घ्यावी. पदे येतात ती अशी : ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि पुन्हा १६०. श्रेणी चक्रात सापडली. दहाव्या पदाशी शून्याऐवजी १०३४ येते, आणि श्रेणी कितीही वाढविली तरी शून्य येणार नाही. २०४७ संयुक्त ठरली. परंतु तिचे भाजक २३ आणि ८९ आहेत, याचा या गणनात कोठेही उल्लेख आला नाही. ल्युकाच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्याविषयीचा अविश्वास, दोहोंचे मूळ येथे आहे.

म(१२७) साठी अशी १२५ वर्गीकरणे करावी लागतात, आणि पहिली काही सोडली तर प्रत्येक वर्गीकरण एकोणचाळीस अंकी संख्येचे. दशमान पद्धतीने हे काम करणाऱ्याची दमछाक होईल. ल्युकाने त्यासाठी द्विमान पद्धतीचा आश्रय घेतला, आणि बुद्धिबळाच्या पटासारखा पण १२७ उभ्या व १२७ आडव्या घरांचा पट कल्पून त्यावर सोंगट्या मांडल्या. यामागील तत्त्व सुंदर आहे. म(न) ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात दोनने गुणणे म्हणजे द्विमान अंकांची ओळ एका घराने सरकविणे, आणि टोकाबाहेर पडलेला अंक दुसऱ्या टोकास आणून ठेवणे, एवढेच असते. भागाकाराची गरजच उरत नाही. वरच्या उदाहरणातील ४८ ही संख्या सात घरांत ०११०००० अशी लिहिली जाते. ती ३२ व १६ यांची बेरीज आहे. तिचा वर्ग करावयाचा तर हीच ओळ एकदा पाच घरे व एकदा चार घरे सरकवावी. ०००११०० आणि ००००११०, म्हणजे १२ आणि ६, मिळतात. बेरीज १८, दोन वजा केले की १६. पटावर एकाखाली एक ओळी मांडून झाल्या की प्रत्येक उभ्या रकान्यातील दोन सोंगट्या उचलून पुढील रकान्यात एक ठेवावयाची. शेवटच्या रकान्यातील हातचा पहिल्या रकान्यात आणावयाचा. एक ओळ उरेपर्यंत हा खेळ चालू ठेवला की वर्गीकरण पुरे होते.

या कामास किती वेळ लागला असेल, याचा अंदाज दुसऱ्या एका नोंदीवरून बांधता येतो. १८८७ साली हुदलो याने म(६१) ची कसोटी ल्युकाच्या पद्धतीने ५४ तासांत पुरी केली. घातांक दुप्पट झाला की वर्गीकरणांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येक वर्गीकरणाचे श्रम चौपट होतात; म्हणजे एकूण श्रम आठपट. या हिशेबाने म(१२७) ला चार-पाचशे तास लागावेत. पटाच्या युक्तीने त्यात काही बचत झाली असेल, तरी काम आठवड्यांचे होते, तासांचे नव्हे. आणि शेकडो ओळींतील एखादी सोंगटी चुकीच्या घरात पडली तरी सारा डाव वाया जाणार होता. हे काम यंत्राकडून करून घ्यावे हा विचार म्हणूनच ल्युकाच्या वर्तुळात घोळत होता. आंरी झनाय या रेल्वेतील अभियंत्याने १८९१ साली मोठ्या मूळ संख्यांच्या तपासणीसाठी एका ‘अंकगणिती पियानो’ची योजना मांडली. त्याच वर्षी मार्सेय येथे विज्ञानपरिषदेच्या मेजवानीत हातातून निसटलेल्या ताटलीचा तुकडा उडून ल्युकाच्या गालास जखम झाली, तीतून विसर्प पसरला, आणि थोड्याच दिवसांत, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पियानो प्रत्यक्षात वापरात आला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ल्युकाने १८७६ साली केवळ म(१२७) मूळ असल्याचे सांगितले नव्हते. म(६७) ही मेर्सेनच्या यादीतील संख्या संयुक्त आहे, असेही त्याच वर्षी त्याने सांगितले. दोन्ही विधाने एकाच कसोटीतून निघाली, एकाच माणसाने केली, आणि दोन्हींचे गणन वाचकांसमोर नव्हते. तरीही त्यांचे प्रामाण्य सारखे नाही. म(६७) संयुक्त ठरली ती अखेरीस शून्य आले नाही म्हणून. परंतु शून्य न येणे हे गणनातील कोणत्याही चुकीमुळेही घडू शकते. वाटेत एक हातचा चुकला की शेवटी कसली तरी बाकी उरणारच. याउलट, सव्वाशे वर्गीकरणांनंतर एकोणचाळीस स्थानांवर एकाच वेळी शून्ये येणे, ही गोष्ट चुकीतून घडण्याचा संभव जवळजवळ नाही; त्या प्रमाणातील योगायोगास दहाच्या अडतिसाव्या घातात एक अशी शक्यता मानावी लागेल. ल्युकाने शून्य पाहिले असेल तर त्याचे गणन बरोबर होते, असे शून्यच सांगते. म्हणजे ज्या विधानाने लोकांस अधिक आश्चर्य वाटले ते वस्तुतः अधिक विश्वसनीय होते, आणि ज्या विधानाकडे फारसे लक्ष गेले नाही त्यालाच आधाराची अधिक गरज होती. ल्युकाच्या प्रामाणिकपणावर मात्र विश्वास ठेवावा लागतो. त्या विश्वासाची जागा घेऊ शकणारी गोष्ट एकच : कोणीतरी पुन्हा तेच गणन करणे.

म(६७) च्या बाबतीत हा आधार अमेरिकन गणितज्ञ कोल याने वेगळ्या प्रकारे दिला. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्याने १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव मांडले. फळ्यावर एका बाजूस दोनचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस हा गुणाकार केला, आणि एक शब्दही न उच्चारता तो जागेवर जाऊन बसला, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. कथेतील रंग बाजूस ठेवला तरी तिचे मर्म खरे आहे. अवयव शोधण्यास कितीही काळ लागो, ते पडताळण्यास शाळकरी मुलास अर्धा तास पुरतो. शोधणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. म(१२७) च्या पक्षात असा कोणताही पुरावा देणे ल्युकास शक्य नव्हते, कारण मूळ संख्येला दाखविण्यासारखे अवयवच नसतात.

मेर्सेनच्या यादीतील उणिवा एकेक करून याच काळात उघड झाल्या. पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने १८८३ साली म(६१) मूळ असल्याचे दाखविले. जर्मनीत झेलहोफने १८८६ साली तेच सांगितले, पण त्याची सिद्धता सदोष होती. निष्कर्ष बरोबर आणि युक्तिवाद चुकीचा, असा हा प्रकार. अमेरिकेतील पॉवर्स याने १९११ साली म(८९) आणि १९१४ साली म(१०७) या मूळ संख्या दाखविल्या. १९१४ मध्येच फ्रान्समध्ये फोकांबेर्ग याने म(१२७) चे गणन द्विमान पद्धतीने नव्याने केले आणि ती मूळच असल्याचा निर्णय दिला. ल्युकाच्या शब्दास दुसरी, स्वतंत्र साक्ष मिळण्यास अशी अडतीस वर्षे लागली.

पण गणन निर्दोष असले तरी ज्या प्रमेयावर ते उभे आहे ते निर्दोष असावे लागते. ल्युकाच्या लेखनात कल्पना विपुल होत्या, सिद्धता मात्र अनेक ठिकाणी त्रोटक वा अपुऱ्या होत्या. कार्माइकेल याने १९१३ मध्ये त्यातील बऱ्याच भागाची शिस्तशीर मांडणी केली. डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० साली सिद्धांत पूर्णत्वास नेला आणि ३ ऐवजी ४ पासून आरंभ करून सर्व विषम मूळ घातांकांसाठी चालणारी एकच कसोटी दिली. ती आज दोघांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे १९१४ साली फोकांबेर्गने पडताळा घेतला, तेव्हाही कसोटीचे आजच्या स्वरूपातील प्रमेय उपलब्ध नव्हते. गणन आधी, सिद्धता मागाहून, हा क्रम गणिताच्या पाठ्यपुस्तकांत दिसत नाही; इतिहासात तो वारंवार दिसतो.

मेर्सेनच्या यादीतील शेवटची संख्या, म(२५७), संयुक्त असल्याचे क्रायचिक याने १९२२ मध्ये सांगितले होते. लेमर यांनी टेबलावरील गणकयंत्राच्या साहाय्याने, सुमारे वर्षभर रोज थोडा वेळ खर्चून, तोच निष्कर्ष काढला. हा पुन्हा शून्य न येण्याचा निष्कर्ष असल्याने शंकेस वाव देणारा होता. तिचा पहिला अवयव १९७९ साली हाती लागला. उरलेल्या काही घातांकांचा निकाल उलर यांनी १९४४ ते १९४७ या वर्षांत लावला, आणि १६४४ ची यादी ३०३ वर्षांनी पूर्णपणे तपासून झाली.

त्यानंतर विद्युत्गणक आले. मँचेस्टर विद्यापीठातील संगणकावर १९४९ साली न्यूमन व ट्यूरिंग यांनी मेर्सेन संख्या तपासल्या. नवी मूळ संख्या सापडली नाही, कारण १२७ नंतरचा यशस्वी घातांक ५२१ आहे आणि तेथवर ते पोचले नव्हते. म(१२७) चा सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा मान १९५१ साली, पंचाहत्तर वर्षांनंतर, संपला. फेरिये या फ्रेंच गणितज्ञाने हाताने चालणाऱ्या गणकयंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या मिळविली; ती दोनच्या १४८ व्या घातात एक मिळवून १७ ने भागल्यास येते. त्याच वर्षी केंब्रिज येथील एड्सॅक या संगणकावर मिलर व व्हीलर यांनी केलेले काम मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. त्यांनी म(१२७) ला लहान संख्येने गुणून एक मिळविला, आणि ११४ ते ९७८ यांमधील अकरा गुणकांसाठी मूळ संख्या मिळविल्या. शेवटी म(१२७) च्या वर्गास १८० ने गुणून व एक मिळवून ७९ अंकी मूळ संख्या दाखविली.

हा साचा निवडण्याचे कारण उघड आहे. पॉकलिंग्टन याच्या १९१४ च्या प्रमेयानुसार, दिलेल्या संख्येहून एकाने लहान असलेल्या संख्येस तिच्या वर्गमूळाहून मोठा असा पूर्णपणे अवयवीकृत भाग असेल, तर फेर्माच्या प्रमेयाचा व्यत्यास अल्प श्रमात वापरता येतो. येथे तो भाग म्हणजे म(१२७) किंवा तिचा वर्ग. म्हणजे ७९ अंकी संख्येची सिद्धता ‘म(१२७) मूळ आहे’ या विधानावर आधारलेली होती. ल्युका चुकला असता तर हा नवा विक्रमही त्याच्याबरोबर कोसळला असता. १८७६ चे विधान आता कुतूहलाचा विषय राहिले नव्हते. त्याच्यावर दुसरी सिद्धता रचली गेली होती.

पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९५२ रोजी, लॉस एंजेलिस येथील स्वॅक या यंत्रावर म(५२१) व म(६०७) या मूळ संख्या एकाच संध्याकाळी सापडल्या. आज्ञावली राफाएल रॉबिन्सन यांनी यंत्र न पाहता लिहिली होती. लेमर यांचे म(२५७) चे काम या यंत्राने एका मिनिटाहून कमी वेळात पुन्हा केले, आणि ते बरोबर असल्याचे आढळले. त्याच वर्षात १२७९, २२०३ व २२८१ हे घातांक मिळाले. तेव्हापासूनची कथा बहुतांशी वेगाची कथा आहे. तीत मानवी रस कमी असल्याने तिचा विस्तार येथे आवश्यक नाही. २००२ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळत्व अंकसंख्येच्या बहुपदीय प्रमाणातील वेळात ठरविणारी पद्धत दिली. सिद्धांताच्या दृष्टीने ती मोठी घटना होती. मेर्सेन संख्यांसाठी मात्र ल्युकाचीच कसोटी अधिक जलद असल्याने विक्रमांच्या शोधात तिची जागा ढळली नाही.

एका बाबतीत अलीकडचा काळ जुन्या प्रश्नाकडेच परतला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘ग्रेट इंटरनेट मेर्सेन प्राइम सर्च’ या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक कामास लावतात. कोट्यवधी अंकांच्या संख्येवर काही आठवडे गणन करून एखादा संगणक ‘शून्य नाही’ असे कळवितो, तेव्हा म(६७) विषयी ल्युकाचे वाचक ज्या अडचणीत होते तीच अडचण उभी राहते. प्रत्येक नकारार्थी निकाल दुसऱ्या संगणकावर पहिल्यापासून पुन्हा काढणे, हाच बराच काळ उपाय होता. पिएत्शाक यांच्या २०१८ च्या एका कल्पनेच्या आधारे २०२० पासून वेगळी सोय झाली : फेर्माच्या प्रमेयावर आधारलेली कसोटी चालविताना संगणक गणनाबरोबरच त्याचे प्रमाणपत्रही तयार करतो, आणि मूळ श्रमांच्या अल्पशा अंशात दुसऱ्यास ते पडताळता येते. कोलच्या फळ्यावरील गुणाकारास जे साधले होते ते अशा रीतीने अवयव न शोधताही साधले. सकारार्थी निकालाच्या बाबतीत मात्र जुनीच सावधगिरी पाळली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना म(१३६२७९८४१) ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या प्रथम फेर्माच्या कसोटीत संभाव्य मूळ आढळली; ती निश्चित मूळ म्हणून जाहीर होण्यापूर्वी ल्युका व लेमर यांच्या कसोटीने वेगवेगळ्या संगणकांवर तिची तपासणी झाली.

म(१२७) ही आता विक्रमांच्या यादीत नाही. पण बार्लोने ज्या उपयोगाचा अभाव सांगितला होता तो तिला मिळाला आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी गुप्त संदेशनासाठी सुचविलेला ‘फोरक्यू’ हा विवृत्तीय वक्र याच संख्येच्या आधाराने बांधलेला आहे. तिची निवड होण्याचे एक मुख्य कारण म्हणजे तिने भागून बाकी काढताना भागाकार करावा लागत नाही. टोकाबाहेर पडलेले द्विमान अंक दुसऱ्या टोकास आणून मिळविले की काम होते. ल्युकाच्या पटावर शेवटच्या रकान्यातील सोंगटी पहिल्या रकान्यात येत असे, तीच ही क्रिया.

ल्युकाचे विधान प्रसिद्ध होताच, १८७६ सालीच, बेल्जियममधील गणितज्ञ कातालां याने एका साखळीकडे लक्ष वेधले. म(२) म्हणजे ३. म(३) म्हणजे ७. म(७) म्हणजे १२७. आणि म(१२७) ही ल्युकाची संख्या. पहिल्या चारही मूळ. मग ल्युकाची संख्या घातांक म्हणून वापरली तर मिळणारी पाचवी संख्या मूळ असेल काय? या संख्येत किती अंक आहेत हे सांगणारी संख्याच अडतीस अंकी आहे. ल्युकाची कसोटी तिला लावता येणार नाही, कारण वर्गीकरणांची संख्या म्हणजे जवळपास म(१२७) च होय. तिच्याविषयी काही ठरविण्याचा एकच मार्ग आवाक्यात आहे, आणि तो ल्युकाच्या पूर्वीचा, ऑयलरचा आहे : म(१२७) च्या समपटीत एक मिळवून येणाऱ्या भाजकांपैकी एखादा लागू पडतो काय, हे पाहत जाणे. मिलर व व्हीलर यांच्या अकरा मूळ संख्या नेमक्या याच साच्याच्या होत्या. त्यांपैकी एकही लागू पडत नाही. पुढे या साच्यातील कितीतरी मोठ्या संख्या तपासल्या गेल्या आहेत, पण भाजक सापडलेला नाही.